बाधणार नाहीत असे रंग

कुमुदताईंनी तैलरंगाची नळी उघडून नाकाशी धरली. तोच वास. निवृत्तीनंतर पुन्हा चित्रं काढायची, हे त्यांनी कधीचंच ठरवलं होतं.

“हेच देऊ ना?” दुकानदाराने विचारलं.

त्यांनी झाकण घट्ट लावलं. “नको. तोंडात गेले तरी बाधणार नाहीत, असे दाखवा.”

“मग हे लहान मुलांचे घ्या.” त्याने हत्तीचं चित्र असलेली डबी पुढे केली. “नातू रंग खातो वाटतं?”

कुमुदताईंनी डबी हातात घेतली. सकाळी त्यांनी कपाटातले जुने जलरंग काढून पाहिले होते. जरा पाठ वळली, तेवढ्यात ब्रश धुतलेल्या लाल पाण्याचा पेला रिकामा झाला होता.

दाराजवळ स्टुलावर बसवलेल्या त्यांच्या यजमानांनी हाक मारली, “अहो बाई, सकाळचं ते सरबत आहे का अजून?”