मोटारबंदी

भट्टीचा काटा अडला. युवराजने नॉब शेवटपर्यंत पिळला, तरी तो चौदाशे अंशांच्या पुढे सरकेना. हवे होते सोळाशे. शेडमधला दिवा लालसर पडला होता आणि बाहेर, कोऱ्हाळ्याच्या उसात, एकामागून एक पाण्याच्या मोटारी घुमू लागल्या होत्या.

"मोडला शब्द लेकांनी!" तो कळवळून म्हणाला. ऐकायला कोणी नव्हते.

भट्टीत एकच चकती होती, चार आण्याच्या नाण्याएवढी. बेरियम आणि सिरियमची भुकटी दाबून ती केली होती. हायड्रोजनमधला अतिसूक्ष्म कण, म्हणजे प्रोटॉन, अशा चकतीतून आरपार जाऊ शकतो, आणि तो गेला की वीज हाती येते. पण युवराजच्या आजवरच्या चकत्यांमधून प्रोटॉन जात, ते चावडीवर बोलावलेल्या साक्षीदारासारखे, पाय ओढत. पुण्याच्या मार्गदर्शक बाईंचे मत पडले की चकती कच्ची राहते, आणखी तापवा. विद्यापीठातली भट्टी पंधराशेला दम टाकत होती. मग त्याने इंदापूरहून विटा आणून घरच्या शेडमध्येच भट्टी बांधली. ही शेवटची भुकटी. ही चकती बिघडली तर पीएच.डी.ची मुदत संपून जाणार आणि सगळा खटाटोप वाया.

या आठवड्यात थ्री फेज वीज दिवसा होती आणि साऱ्या वस्तीला मिळून डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, एकच; मोटारी लागल्या की व्होल्टेज पडे. म्हणून आदल्या दिवशी वडिलांनी, दादासोंनी, वस्तीवरच्या झाडून साऱ्या गड्यांना खंडोबाच्या देवळात गोळा केले होते.

"एक दिस मोटारी बंद," ते म्हणाले. "पोराच्या डिग्रीचा सवाल हाय." आणि त्यांनी स्वतः पहिल्यांदा भंडारा उचलला. मग शेजारच्या भीमातात्यांनी उचलला, मोहनरावांनी उचलला. भंडारा उचलून शब्द फिरवणारा माणूस या भागात अजून जन्मला नाही, अशी युवराजची समजूत होती. ती दुपारी बारापर्यंत टिकली.

त्याने भट्टी बंद केली नाही. हट्टाने, डोळ्यांत पाणी आणून, वीज जाईपर्यंत तो चौदाशेवरच्या काट्याकडे बघत बसला. दादासो काठी घेऊन बांधाबांधाने धावत होते. ते भीमातात्यांच्या विहिरीकडे गेले की मोहनरावांची मोटार लागे आणि मोहनरावांना गाठावे तर ओढ्यापलीकडची लागे. संध्याकाळी त्यांनी तात्यांना रस्त्यातच धरले.

"भंडारा उचलला हुता की रं भीमा! लाज न्हाय वाटली?"

"लाज कशाची? पयली मोटार लागली, तवा आमी लावली. लोकांचं भिजणार आन् आमचं वाळणार व्हय?"

"मग पयली कुणाची?"

"ती माझी न्हाय. पुन्यांदा भंडारा उचलतो!"

मोहनरावांनीही तेच सांगितले. घरटी तेच उत्तर मिळाले. पहिली मोटार वस्तीवर कुणाचीच नव्हती. दादासो त्या रात्री जेवले नाहीत. त्यांनी चार दिवस कुणाशी रामराम केला नाही.

युवराज चकती रुमालात बांधून एसटीने पुण्याला गेला, तो कबुली द्यायला निघाल्यासारखा. बाईंनी चकती यंत्रात बसवली, दमट हायड्रोजन सोडला आणि आकडा बघून तारा पुन्हा जोडल्या. मग यंत्र बदलले. आकडा तोच आला. प्रोटॉन असे पळत होते, जणू शाळा सुटली आहे.

"किती तापवलीत?"

"चौदाशेच, मॅडम. व्होल्टेज नव्हतं," तो खाली मान घालून म्हणाला.

बाई खुर्चीत टेकल्या आणि मनापासून हसल्या. "म्हणजे इतके दिवस आपण तिला करपवत होतो, युवराज! जास्त आचेला बेरियम उडून जातं आणि प्रोटॉनची वाटच मोडते. मंद आच हवी होती आणि भरपूर वेळ. आता या रीतीने आणखी चकत्या करा. भुकटीचं मी बघते, मुदतीचंही बघते. आणि ज्याने पहिली मोटार लावली, त्याला माझ्याकडून पेढे द्या."

बातमी त्याच्याआधी वस्तीवर पोचली नव्हती, पण पेढ्यांचा वास पोचला असावा. अंगणात गर्दी झाली. युवराजने सगळे सांगितले आणि पहिला पेढा हातात धरून विचारले, "तर पहिली मोटार कुणाची?"

"माझी!" भीमातात्या तीन ढांगांत पुढे आले. "साडेसात हॉर्सपॉवरची मोटार हाय. दुसऱ्या कुणाची टाप हाय एवढं व्होल्टेज पाडायची?"

"तात्या, तुमची मोटार सुरू व्हायला दोन लाथा लागत्यात," मोहनराव म्हणाले. "तवर माझ्या चार सऱ्या भिजल्या हुत्या."

"वा रं बहाद्दरांनो!" दादासो उसळले. "परवापतुर एक बी कबूल न्हवता, आन् आता रांग लावताय? शब्द राखणारा या वस्तीत एकटा मी निघालो!"

चहाची परात घेऊन दारात आलेल्या युवराजच्या आई, म्हाळसाबाई, हे ऐकून थबकल्या. परात त्यांनी कट्ट्यावर टेकवली, पदराला हात पुसला आणि लेकापुढे धरला.

"आण तो पेढा हिकडं. पयली मोटार आपलीच लागली. तू आत भाजून निघत हुतास, म्हनलं पोराच्या आंघुळीला गार पाणी तरी असावं. आन् भंडारा उचलला तो गड्यांनी. मला कुणी इचारलं हुतं?"