रान शिंपणारे मास्तर

वेळ अमावस्येला, काळ्या आईचे आभार मानायला, लातूरकडचे लोक रानात जेवतात. शिरूर अनंतपाळच्या लोचनाबाईंच्या रानात निवृत्त हेडमास्तर बापूसाहेबांनी पालेभाज्या-शेंगांची भज्जी तीनदा मागून घेतली आणि बाजरीचे वाफवलेले उंडेही सोडले नाहीत. ताकातली आंबट आंबील मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना. आणि लोचनाबाईंनी तीच तांब्याभर दिलेली.

"फिरत फिरत पितो," म्हणत मास्तर हरभऱ्याच्या कडेला गेले आणि गुपचूप तांब्या उपडा केला. वळून बघतात तर मागे लोचनाबाई.

आज रानात आंबील शिंपायची रीत असते, हे मास्तरांना ऐनवेळी सुचलं. उरलेले थेंब चौफेर उडवत त्यांनी शिंपतानाचा पुकारा केला, "ओलगे, ओलगे!"

लोचनाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"मालक गेल्यापासून तीन वर्षं झाली गुर्जी, आमचं रान कुणी शिंपलं न्हाई. कुणाला म्हणावं, म्हणून मी गप बसले. तुमी न सांगता केलं."

मास्तरांनी रिकामा तांब्या पाठीमागे धरला. तोवर लोचनाबाईंनी जेवणाऱ्यांकडं वळून हाक दिली होती, "अगं पोरींनो, समद्या इकडं या! गुर्जींच्या पाया पडा!"

हात धुऊन पोरी रांगेनं आल्या. मास्तरांना पाय कुठं ठेवावेत कळेना.