फोनचा कोनाडा

"जाहिरातीत शंभर आणि इथे सहा," मोबाइलकडे बघत ठमी म्हणाली. "बाबा, अशा नेटवर माझं ऑफिस चालणार नाही. उद्याच परत जावं लागेल."

बाबांनी पेपर बाजूला ठेवला. आई गेल्यापासून लेक पहिल्यांदाच राहायला आली होती, तीही घरून काम करता येईल म्हणून.

"आधी बघू तरी. राउटर कपाटात आहे."

"कपाटात?"

"धूळ बसते ना त्याच्यावर!"

ठमीने लोखंडी कपाटाचं दार उघडलं आणि कपाळाला हात लावला. उशांच्या अभ्र्यांमागे हिरवे दिवे लुकलुकत होते. "अहो, लोखंडाच्या आड कोंडल्यावर घरभर नेट पोचणार कसं?"

बाबा ओशाळले. वायरचं भेंडोळं सोडत, राउटर तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून ते घरभर फिरू लागले. ठमी मागून आकडे ओरडत होती. कपाटावर ठेवला तर तिच्या खोलीत वीस. खिडकीत ठेवला तर स्वयंपाकघरात काहीच नाही.

"घराच्या मध्यावर हवा," ती म्हणाली.

मध्यावर पॅसेज होता. तिथल्या भिंतीत पूर्वी फोनचा कोनाडा होता. फोन गेल्यावर तिथे कोणी काही ठेवलंच नव्हतं. बाबांनी राउटर तिथे टेकवला.

"चौऱ्याण्णव!" ठमी आतून ओरडली. "स्वयंपाकघरातसुद्धा!"

बाबा कोनाड्याच्या कडेवरून बोट फिरवत होते. "तुझी आई इथून वायर ताणत पार ओट्यापर्यंत जायची. एका हातात फोन, दुसऱ्या हातात डाव."

"आणि दूध उतू गेलं की खापर फोनवरच्या मावशीवर."

दोघं हसली.

"जा, बस खोलीत. टेबल रिकामं करून ठेवलंय."

ठमी लॅपटॉप घेऊन आली ती कोनाड्याखालीच फतकल मारून बसली. पाठ एका भिंतीला, तळपाय समोरच्या भिंतीला. कॉलेजात असताना मैत्रिणींशी बोलत ती अशीच तासन् तास बसायची आणि अख्खं घर तिचे पाय ओलांडून ये-जा करायचं.

बाबा चहा घेऊन आले. तिच्या पायांशी थबकले.

"आटप आता," जमेल तेवढं पूर्वीसारखं दरडावत ते म्हणाले. "तुझ्या आईला मावशीशी बोलायचंय."

ठमीने पाय काढले नाहीत. मानही वर केली नाही.

"दोनच मिनिटं, बाबा."