वीस मिनिटांची सरासरी

“शेवटची पाच मिनिटं,” डॉक्टर म्हणाले. “आता हातचं काही राखू नकोस.”

धाकटीने मान डोलावली. स्टँडवर घट्ट बसवलेल्या सायकलीचं मागचं चाक घरघरत होतं. तिच्या छातीभोवतीच्या पट्ट्यावरून हृदयाचे ठोके पडद्यावर येत होते. एकशे अठ्ठेचाळीस. एकशे एकोणपन्नास. पुन्हा अठ्ठेचाळीस.

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. मागच्या वर्षी याच चाचणीत ही मुलगी एकशे सत्तरच्या खाली उतरली नव्हती.

चाचणी साधी होती. अर्धा तास जीव तोडून सायकल हाणायची. पहिली दहा मिनिटं सोडून द्यायची आणि उरलेल्या वीस मिनिटांची सरासरी काढायची: ठोके किती, आणि पायांचा जोर किती वॅट. त्या आकड्यांच्या पलीकडे माणूस फार काळ तग धरत नाही.

धाकटी जन्मापासून अंध. पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी शर्यतीत ती उतरायची आणि तिन्हींत सोबतीला थोरली बहीण असायची. पाण्यात आणि धावताना दोघींच्या मध्ये दोरी. रस्त्यावर जोडसायकल, पुढे थोरली, मागे धाकटी. अकरा वर्षं हे चाललं होतं. यंदा निवड समितीने नियम काढला होता. सोबतिणीचा जोर खेळाडूपेक्षा कमी भरला, तर सोबतीण बदलायची.

घंटी वाजली. चाक थांबलं. मिनिटभरात ठोके शंभरावर आले. धापसुद्धा नव्हती.

“बरं नाहीये का तुला?”

“ठणठणीत आहे.”

“मग हे काय?”

धाकटी टॉवेलने मान पुसत राहिली. “तुमची खुर्ची करकरली ना, तेव्हाच कळलं मला. ओळखलंत तुम्ही.”

“सरावात तू दोनशे दहा वॅटने चालवतेस. इथे एकशे अठ्ठ्याहत्तर.”

“ताईचे एकशे नव्वद भरतात. बेचाळिशीत आणखी किती भरणार? मी खरी चालवली तर ती बाहेर.”

“आणि तुला दमदार सोबतीण मिळेल. पदक मिळेल. नकोय का?”

“हवंय,” ती पटकन म्हणाली. मग आवाज खाली आला. “फार हवंय, डॉक्टर. पण माझ्यापायी तिने नोकरी सोडली, घरदार सोडून इथे राहिली. आता ही शर्यतच तिचं सगळं आहे. एका आकड्यावर बोट ठेवून तिला जा म्हणायचं?”

“मी खोटं लिहिणार नाही.”

“खोटं कोण लिहा म्हणतंय? मशीन दाखवतंय तेच लिहा. फक्त तिला काही सांगू नका. शब्द द्या.”

डॉक्टर उठून खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. त्या पोरीची इतक्या वर्षांची मेहनत त्यांनी पाहिली होती.

“दिला,” ते म्हणाले आणि आकडा लिहिला.

धाकटी भिंतीला हात लावत बाहेरच्या बाकाकडे गेली. थोरली आत आली.

“कशी झाली चिमणीची?”

“झाली.”

“सुसाट गेली असेल,” थोरली म्हणाली आणि पट्टा आवळून सायकलवर चढली.

पूर्ण अर्धा तास डॉक्टर पडद्याकडे फारसं बघू शकले नाहीत. एवढा घाम गाळणार ही बाई, आणि तिला ठाऊकही नाही की कुणीतरी आधीच तिच्यासाठी वाट सोडून दिलीय. घंटी झाल्यावर त्यांनी मान वर केली. ठोक्यांची सरासरी फक्त एकशे शेहेचाळीस.

“पट्टा सैल झाला वाटतं. पुन्हा घ्यावी लागेल.”

“पट्टा ठीक आहे, डॉक्टर.” थोरली खाली उतरली आणि तिने दार नीट लोटून घेतलं. “हळू बोला. तिचे कान फार तिखट आहेत.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

“नवऱ्याची बदली होऊन दोन वर्षं झाली. तो तिकडे, मी इकडे. लेक सहावीत गेली. फोनवर पाहुण्याशी बोलावं तशी बोलते माझ्याशी. ‘बरी आहेस ना? जेवलीस ना?’ संपलं.” तिने ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा उघडले. “मला घरी जायचंय. चिमणीला सांगायला जाते आणि जीभच रेटत नाही. म्हटलं, आकडा सांगेल. आकड्यावर कोण रुसणार?”

“पण तुम्ही...”

“आणि तिलाही तिच्या तोडीचं कुणी मिळेल. माझ्या मागे बसून किती वर्षं जोर आवरायचा तिने? यादी आजच जाते ना?”

“पाच वाजता.”

“मग झालं तर. मी मुद्दाम हळू चालवली हे तिला कधी कळू देऊ नका.”

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. पलीकडे बाकावर धाकटी बसली होती. तिला त्यांनी शब्द दिला होता.

“नुसती खात्री करून घेतली, बेतानेच चालवली हं मी,” थोरली म्हणाली. “फार कमी केलं असतं तर समितीला संशय आला असता.” तिचा चेहरा कधी नव्हे इतका मोकळा दिसत होता. “मग? कितीने कमी पडले?”

डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, पुन्हा एकदा वाचले.

“तीन वॅटने जास्त भरलात,” ते म्हणाले.