काटा आणि कळशी

सावद्याहून केळी भरून धुळ्याला जाणारा माणकचंद शेठचा ट्रक दर खेपेला एरंडोलच्या पुढे एका फाट्यावर अर्धा तास थांबायचा. "टेंपरेचरचा काटा लालवर जातो, पाणी घालावंच लागतं," असं ड्रायव्हर सुकदेव सांगायचा. शेवटी शेठ गाडी माझ्या गॅरेजात घेऊन आले.

मी इंजिनातला, काट्याला उष्णता कळवणारा बल्ब काढून उकळत्या पाण्यात बुडवला, तसा काटा लालवर गेला. थंड पाण्यात धरला, तर खाली आला. शेठच्या समाधानासाठी नवा बल्ब बसवला, गाडी तासभर पळवून पाहिली, तर काटा मधेच राहिला. मग सुकदेवच्या समोरच ऐटीत म्हणालो, "शेठ, जुनाही चांगलाच होता. तुमची गाडी तापतच नाही."

"आता मधे थांबलास, तर दुसरा ड्रायव्हर बघीन," शेठने त्याला बजावलं. सुकदेव मान खाली घालून उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात मी त्याच ट्रकमधून धुळ्याला निघालो. फाट्यावर एक म्हातारी पाण्याची कळशी घेऊन उभी होती. ट्रक दिसताच ती लगबगीने पुढे आली. सुकदेवने हॉर्न वाजवला आणि गाडी तशीच पुढे काढली.

"कोण रे ती?"

"मनी माय शे, नाना. तिले आजून वाटस, गाडी तपस."

त्याची आई! धुळं येईपर्यंत त्या काट्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.



परतल्यावर मी आधी शेठची पेढी गाठली. "शेठ, माझीच तपासणी चुकली. गाडी तापते. फाट्यावर पाणी घालावंच लागेल."