सहलीची पैठणी

“आई, आपण राजवाडा बघायला चाललोय, कुणाच्या लग्नाला नाही!” शाल्मलीने कपाळावर हात मारला. आई अंजिरी पैठणी नेसून, नथ घालून, बेसनलाडवांचा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसली होती.

“राजाच्या घरी असंच गबाळ्यासारखं जाऊ? आणि तेही रिकाम्या हातानं?”

राजवाड्यात शाल्मली मुद्दामच बाबांबरोबर पुढे पुढे चालत राहिली. खाण्याचं आत न्यायला मनाई असल्याने लाडवांचा डबा दारावरच्या पहारेकऱ्याकडे ठेवावा लागला, तेव्हा तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना डबा घेऊन आई बागेतल्या संगमरवरी बाकावर टेकली. समोरून शाळेच्या सहलीची पोरं आली आणि एकदम थबकली. एक चिमुरडी धीर करून पुढे झाली आणि वाकून मुजरा करत म्हणाली, “राणीसाहेब, तुम्ही इथेच राहता?”

“अगं बाई, मी कसली...” आई गडबडली.

शाल्मलीने वळून पाहिलं. जरीच्या पदरावर ऊन पडलं होतं, मागे अख्खा राजवाडा उभा होता आणि आई लाजून लाल झाली होती.

“याच राणीसाहेब,” शाल्मली बोलून गेली. “रांग लावा, लाडू मिळणार आहेत!”

लाडू खाता खाता चिमुरडीने विचारलं, “मग तुम्ही कोण?”

शाल्मलीने चुरगळलेला टी-शर्ट जरा सारखा केला. “मी राजकन्या.”

चिमुरडीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “वाटत नाही.”

“सकाळपासून तेच सांगतेय मी हिला,” राणीसाहेब म्हणाल्या, “जरा बरं काहीतरी घाल म्हणून!”