विचारलं तर चालेल ना?

मटार सोलता सोलता शाल्मलीचे हात थबकले आणि ती खिडकीकडे बघू लागली. शेजारी बसलेल्या बाबांनी हातातली शेंग खाली ठेवली. पंधराव्या वर्षी लेकीला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तेव्हापासून ती अशीच बघायची. काय झालं विचारलं, की दार लावून घ्यायची. डॉक्टरांच्या गोळ्यांनी आवाज उणावले होते, पण त्यांबद्दल ती अवाक्षर काढत नसे.

आज मात्र ती बाबांकडे वळली. "आत्ता मला कुणी शिव्या दिल्या का? खरं सांगा."

"नाही गं. नुसती कुकरची शिट्टी झाली."

तिने त्यांचा चेहरा न्याहाळला. मग तिचे खांदे सैल झाले. "म्हणजे तो आजारच बोलतोय. बोलू दे. पुन्हा ऐकू आलं तर विचारू ना?"

"झोपेतून उठवून विचार," बाबा म्हणाले.